गौताळ्याचे तळे, पितळखोरे आणि अंतूर : नव्याने पायी हिंडणाऱ्यांसाठी

सह्याद्रीतल्या गडांवर पाय तयार केलेला माणूस गौताळ्यात पहिल्यांदा आला की हमखास फसतो. गडावर जाताना सकाळी अंगात ताकद असते तेव्हा चढायचे असते आणि दमल्यावर उतरायचे असते. कन्नड तालुक्यातल्या या डोंगरांत गाडी पठारावर, म्हणजे माथ्यावरच येऊन थांबते आणि धबधबे, घळी, लेणी असे पाहण्याजोगे जे काही आहे ते बहुतेक खाली दरीत असते. त्यामुळे सकाळच्या गार हवेत आपण गप्पा मारत सहज उतरतो आणि दुपारच्या उन्हात, बाटली तळाला गेलेली असताना, चढायला लागतो. मीही पहिल्या खेपेला असाच फसलो. तिघांत मिळून दोन बाटल्या होत्या, ऑक्टोबरचे ऊन होते आणि जी वाट उतरायला पाऊण तास लागला होता ती चढायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. पुढच्या बहुतेक सूचना त्या दुपारीच सुचलेल्या आहेत.

आधी प्रदेश समजून घ्यावा

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे आहे, ज्याने १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. गावकरी मात्र त्या घाटाला कन्नडचा घाटच म्हणतात. गौताळा या नावाचा संबंध कोणी गौतम ऋषींशी जोडतात, तर कोणी तो गवताशी लावतात. सप्टेंबरात छातीएवढे वाढलेले गवत पाहिल्यावर दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते.

हा सगळा मुलूख सातमाळा–अजिंठा रांगेचा आहे आणि ही रांग मराठवाड्याचे पठार व खानदेशाचे मैदान यांच्यामधली कड आहे. कन्नडकडून येताना डोंगर लागला असे जाणवतही नाही, शेते हळूहळू उंचावत जातात आणि झाडी दाट होते. उत्तरेकडे मात्र जमीन एकदम तुटते आणि खाली चाळीसगावचा मुलूख दिसतो. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला जातो आणि उत्तरेला पडलेला गिरणेतून तापीला मिळतो. वाटाड्याशिवाय चालणाऱ्याला ही पाणलोटाची रेघ ठाऊक असणे फार उपयोगाचे असते, कारण पाय कोणत्या ओढ्याला लागला आहे यावरून आपण मराठवाड्यात परतणार की खानदेशात उतरणार हे ठरते. वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली खाली जात राहावे, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला येथे धोक्याचा आहे; उत्तरेकडचे ओढे पुढे सरळ कड्यावरून कोसळतात. येथे चुकल्यावर आल्या वाटेने माथ्याकडेच वळावे.

कधी जावे

नवख्या माणसासाठी सप्टेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. जुलै–ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात आणि गर्दीही त्याच काळात होते, परंतु तेव्हा वाटा निसरड्या असतात, धुके दाटते आणि घाटाचाही भरवसा नसतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट सुरू आहे की नाही याची चौकशी केल्याशिवाय घर सोडू नये.

पावसाळ्यातल्या ओढ्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पठारावरचा काळा पाषाण पाणी फारसे जिरवत नाही, त्यामुळे चार-पाच किलोमीटरवर पडलेली सर थोड्याच वेळात घळीत उतरते आणि आपण उभे असतो तेथे तर कोरडे ऊन असते. एकदा आम्ही ओढ्यातल्या खडकावर डबे उघडून बसलो होतो. वरच्या अंगाला शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा थांबले आणि म्हणाले, “वर पाणी पडू राह्यलं, भाऊ. ओढ्यात बसू नका.” आम्हांला आभाळात काहीच दिसत नव्हते, त्यांना उत्तरेकडच्या माथ्यावरची काळी रेघ दिसली होती. आम्ही काठावर आलो. थोड्या वेळाने पाण्याचा रंग चहासारखा झाला, त्यावरून काटक्या आणि वाळका पाला वाहत आला आणि आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला. पाणी एकाएकी गढूळ होणे, पाला वाहत येणे आणि आवाज बदलणे या तीन खुणांपैकी एकही दिसली तरी सामान गोळा करीत न बसता काठावर चढावे.

मार्चपासून पुढे हे जंगल पूर्णपणे उघडे पडते. ही पानगळीची झाडी असल्यामुळे सावली उरत नाही, पाणवठे आटतात आणि वणव्याचा काळ सुरू होतो. पक्षी-प्राणी पाहणारे लोक मुद्दाम या दिवसांत येतात, पण ती गाडीतून किंवा मचाणावरून पाहण्याची गोष्ट आहे. नव्याने चालायला शिकणाऱ्याने एप्रिल–मे टाळावेत.

परवानगी आणि पोहोचणे

अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे, म्हणजेच प्रवेश परवानगीने व शुल्क भरून करायचा, सूर्यास्तापूर्वी बाहेर पडायचे आणि आत विस्तव पेटवायचा नाही. तळ्याकाठी तंबू ठोकून रात्री शेकोटी करण्याची छायाचित्रे पाहून बेत आखू नये. कोणत्या वाटा त्या हंगामात खुल्या आहेत हे कन्नडच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तपासणी नाक्यावर विचारावे आणि जमल्यास स्थानिक वाटाड्या तेथूनच मिळवावा. वाटाड्याची मजुरी आधी मोकळेपणाने ठरवून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

छत्रपती संभाजीनगरहून कन्नड साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. मुंबई किंवा भुसावळकडून येणाऱ्यांना चाळीसगाव जंक्शन सोयीचे पडते. कन्नडपासून पुढे काळी-पिवळी जीप, रिक्षा किंवा स्वतःची गाडी. दुचाकीवरून येणाऱ्यांनी पेट्रोल कन्नडलाच भरून घ्यावे. जाता जाता वेरूळही उरकून घेऊ, असा विचार अनेकांच्या मनात येतो, कारण ते वाटेवरच आहे. परंतु वेरूळला तीन तास घालवून अकराला कन्नडला पोहोचणारा माणूस जंगलात नेमका उन्हाच्या वेळी शिरतो. वेरूळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

पाठीवर काय असावे

पाणी माणशी किमान तीन लिटर, आणि त्याचा हिशेब असा ठेवावा की दरीच्या तळाला पोहोचाल तेव्हा निम्म्याहून अधिक शिल्लक असले पाहिजे. यापलीकडे एक भरलेली बाटली गाडीत ठेवावी, कारण वर आल्यावर तीच सर्वांत गोड लागते. ओआरएसची दोन पाकिटे किंवा मीठ-साखर जवळ असावी. शिदोरीला दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांहून सरस काही नाही. ती दिवसभर टिकते, सांडत नाही आणि प्लॅस्टिकचे वेष्टनही मागे उरत नाही. वेफरची पाकिटे माकडांना पार दुरून ओळखता येतात.

बूट घोट्यापर्यंतचे, तळवा खाचांचा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड, गुळगुळीत कापडाची पँट घालावी, आणि याचे कारण कुसळी गवत आहे. पाऊस संपून हे गवत वाळू लागले की त्याची कुसळे मोज्यांत आणि पँटच्या शिवणीत घुसतात. एखादे कुसळ काढून तळहातावर ठेवावे आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. त्याची पिळलेली लांब शेपटी ओलाव्याने उलगडू लागते आणि टोकाचे बी गिरमिटासारखे फिरत पुढे सरकते. जमिनीत स्वतःला रुजवून घेण्याची त्याची ही युक्ती घामाने ओल्या झालेल्या मोज्यातही तशीच चालते. विणलेले मोजे उघडे ठेवून चालणारा माणूस तासाभरात लंगडू लागतो. शेंगांवर तपकिरी लव असलेली खाजकुयलीची वेल वाटेवर आडवी आली तर तिला हात लावू नये. लागलाच तर चोळू नये, कारण चोळल्याने लव आणखी पसरते.

पहिली चाल : तळ्याचा काठ

सुरुवात गौताळ्याच्या तळ्यापासूनच करावी. हिवरखेड्याच्या बाजूने अभयारण्यात शिरल्यावर रस्ता झाडीतून तळ्यापर्यंत नेतो. येथे चढउतार फारसा नाही आणि दोन-तीन तासांत स्वतःचा दम, बूट आणि सोबती या तिन्हींची परीक्षा होते. ज्याच्या बुटाने काठावरच फोड आणले त्याने त्याच दिवशी दरीत उतरू नये.

तळ्याकाठी घाई करू नये, कारण हे जंगल वाचायला येथेच शिकता येते. एका देठावर दोन पाने जोडलेली, आपट्याची आठवण करून देणारी दिसली की तो अंजन. साल कागदासारखी सुटणारा तो सालई. थंडीत ज्याची पाने तांबूस होतात तो धावडा. पळस, साग, खैर ओळखीचे असतातच. पाण्यालगतच्या चिखलात वाकून पाहावे. चार बोटांचा, नखे न उमटलेला गोलसर ठसा बिबट्याचा असतो, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. कोल्हा, लांडगा, तरस आणि गावचे कुत्रे यांच्या ठशात नखांचे टिंब स्पष्ट दिसते. पाच बोटे जवळजवळ एका ओळीत आणि त्यांच्यापुढे बऱ्याच अंतरावर लांब नखांच्या खुणा असतील तर ते अस्वल आहे, आणि खुणा ताज्या असतील तर त्या बाजूला जाऊ नये. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ चालत चालत या अभयारण्यात येऊन पोहोचला होता. नवखे लोक वाघ-बिबट्याविषयी विचारतात, परंतु पायी चालणाऱ्याने भ्यायचे ते अस्वलाला. त्याची नजर मंद असते, ते खाण्यात गुंगलेले असते आणि अचानक जवळ गेल्यास दचकून अंगावर येते. म्हणून दाट झुडपांच्या वळणावर आवाज करीत चालावे, म्हणजे ते आपणहून दूर होते.

दुसरी चाल : पहिली उतराई

काठाची चाल पचल्यावर सीताखोरीसारख्या एखाद्या घळीकडे उतरावे. उतरण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, परत वळण्याची वेळ. ती घड्याळात बघून सर्वांसमोर बोलून ठेवावी आणि धबधबा समोर दिसत असला तरी ती मोडू नये. दुसरी, उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, उन्हाळी दिवस असेल तर अडीचपट. तिसरी, सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवावा. हौशी मंडळी नेमके उलटे करतात, तरणीताठी पोरे पुढे धावतात आणि दमलेला सोबती मागे एकटा पडतो.

उतरताना दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून मागे वळून पाहावे, कारण परतताना वाट उलट्या बाजूने दिसणार आहे आणि तीच वाट ओळखू येत नाही. गुरांच्या पायवाटा फसव्या असतात. त्या उताराला आडव्या जातात, अनेक फाटे फोडतात आणि चाऱ्यापाशी संपतात. माणसांची वाट बहुधा उतार साधत एका दिशेने जाते. घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि आपण कुठे जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कोणाला तरी सांगून ठेवावे.

तिसरी चाल : पितळखोरे

पितळखोऱ्याला कन्नडहून चाळीसगाव रस्त्याने निघून कालीमठाच्या बाजूने जावे लागते. वरून पाहिले तर लेणी दिसतच नाहीत. कड्याच्या टोकाशी आल्यावर पायऱ्यांची वाट दरीत उतरते, ओढा ओलांडते आणि मग कातळाच्या पोटात कोरलेली चौदा लेणी समोर येतात. पायऱ्या असल्यामुळे वाट चुकत नाही, परंतु पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते, म्हणून पाय पूर्ण टेकवून उतरावे.

येथे नुसते धबधब्यासमोर छायाचित्र काढून परत फिरणारे पुष्कळ असतात आणि ते मला पटत नाही. यातली सर्वांत जुनी कोरीव कामे इसवी सनापूर्वीची आहेत. खांबांवरच्या दानलेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्याच पैठणच्या, मितदेव नावाच्या गांधिकाचा उल्लेख आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाचेही दान येथे नोंदलेले आहे. पैठणचा अत्तरवाला या दरीतल्या खांबासाठी पैसे देतो, याचा अर्थ आपण जी वाट हौसेने चालतो ती एके काळी मालाने लादलेल्या जनावरांची होती. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. एका हत्तीजवळ उभे राहून त्याचे कान आणि पायांची नखे पाहावीत, मग मागे सरून संपूर्ण रांग पाहावी. जवळच कातळातून पाणी वाहून नेणारी वाट कोरलेली असून तिच्या तोंडाशी नागाचे फणे आहेत. येथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव तिच्या हातावर कोरलेले आहे. खडक ठिसूळ असल्यामुळे अनेक दर्शनी भाग ढासळले आहेत. कठड्याबाहेर जाऊ नये आणि छताखाली सैल दिसणाऱ्या दगडाखाली बसू नये.

लेण्यांच्या कपारींत आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते. येथे येताना अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावू नये, विडी-सिगारेट ओढू नये, आरोळ्या देऊन प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह टाळावा आणि पोळ्याकडे दगड तर कधीच भिरकावू नये. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड आणि डोके कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर दूर जावे. पाण्यात बुडी मारण्याचा उपाय फसवा आहे. माश्या वर घोंघावत राहतात.

अंतूर आणि पाटणादेवी

अंतूरचा किल्ला नागापूर गावाच्या बाजूला पठारातून पुढे आलेल्या सोंडेवर आहे. तीन बाजूंनी कडा आणि पठाराशी जोडलेल्या बाजूला कातळात खोदलेला खंदक, अशी त्याची रचना आहे, त्यामुळे येथे उलटा हिशेब बराचसा संपतो आणि चाल बहुतांश माथ्यावरूनच होते. मात्र ती उघडी आहे, म्हणून टोपी विसरू नये. किल्ल्याच्या परिसरात निजामशाहीतला एक दगडी खांब होता, ज्याच्या बाजूंवर कोणती वाट कोणत्या गावाला जाते हे फारसी अक्षरांत कोरलेले होते; आपण नाक्यावर शोधतो तो फलक चारशे वर्षांपूर्वी येथे दगडात उभा होता.

पितळखोऱ्याहून थेट पाटणादेवीला उतरणारी चाल मात्र नवख्याने एकट्याने करू नये. पाटणादेवी खाली खानदेशात, चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर आहे. तेथल्या शिलालेखावरून कळते की तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला होता. ही चाल एकाच बाजूची असल्यामुळे गाडी खाली बोलावून ठेवावी लागते, आणि वाटाड्या पाटण्याचा किंवा आंबाल्याच्या बाजूचा असावा, कारण मधल्या ओढ्याची वाट दर पावसाळ्यात बदलते.

काही घडलेच तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत. फुरसे दगडांखाली आणि वाळल्या पाल्यात असते, म्हणून दगड उचलताना किंवा कपारीत हात घालताना आधी काठीने चाळवावे. दंश झाल्यास जागा कापू नये, चोखू नये आणि आवळपट्टी बांधू नये. अंगठी-कडे काढून, तो अवयव फळकुटाच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला शक्यतो चालू न देता दवाखान्यात हलवावे. सापाला मारून सोबत नेण्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व इतर मदतीसाठी ११२ आणि वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, मोबाइल संपला तर ते दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

उन्हाने कोणी गप्प झाला, चिडचिड करू लागला किंवा घाम येणे थांबले, तर तेथेच सावलीत बसवावे, मानेला व काखेत ओले कापड लावावे आणि शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. चढ अर्ध्यावर आला आहे, एवढे उरकून घेऊ, असे कोणी म्हणेल. त्याचे ऐकू नये.

वर आल्यावर नाक्यावर आपली नोंद केलेली असेल तर परतल्याचेही सांगून जावे, नाहीतर अंधार पडल्यावर वनरक्षकाला आपल्याला शोधायला बाहेर पडावे लागते. गाडीत बसण्यापूर्वी मोजे उलटे करून कुसळे काढावीत आणि कानामागे, काखेत व कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटलेली आहे का ते पाहावे. असल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.